शेतकरी-राखित वृक्षपुनर्वाढ (नायजर)

पश्चिम आफ्रिकेतील नायजर देशाच्या दक्षिण पट्ट्यात, मुख्यतः मारादी आणि झिंदेर भागांत, रुजलेली शेतातली झाडे राखण्याची पद्धत. यात रोपे लावत नाहीत. जमिनीत जिवंत असलेल्या खुंटांचे धुमारे निवडून वाढवतात. तंत्र साधे आहे. ते पसरले मात्र गावकरी, बाहेरून आलेली संस्था आणि वनखाते यांचे जमले म्हणून.

हा प्रदेश साहेलच्या, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील कोरडवाहू पट्ट्यात मोडतो. बाजरी, ज्वारी आणि चवळी ही इथली पिके. शेतात झाडे ठेवायची चाल इथल्या हौसाभाषक शेतकऱ्यांत जुनी होती. फ्रेंच राजवटीने मात्र झाडांवर सरकारी हक्क सांगितला आणि 1960 च्या स्वातंत्र्यानंतरही तो बराच काळ टिकला. स्वतःच्या शेतातले झाड तोडले तरी दंड बसे. मग झाड वाढवायचे कोणासाठी? पेरणीआधी रान साफ करताना धुमारेही कापून जाळले जाऊ लागले. 1968–74 च्या दुष्काळाने उरलेसुरले उघडे पाडले. पुढे सरकारी आणि परदेशी पैशाने रोपे लावली गेली. त्यांतली बहुतेक मेली.

टोनी रिनाउडो हा ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ एका ख्रिस्ती मिशनतर्फे मारादीत काम करत होता. शेतांतली खुरटी झुडपे म्हणजे तोडलेल्या झाडांचे जिवंत खुंट आहेत, हे 1983 च्या सुमारास त्याच्या ध्यानात आले. शोधाचे श्रेय त्याला एकट्याला देण्याचा प्रघात आहे, पण जुन्या हौसा शहाणपणाला त्याने पुन्हा वाट करून दिली, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

एका खुंटाला वीस-तीस धुमारेही फुटतात. त्यांतले तीन-पाच सरळ आणि जोमदार ठेवून बाकीचे धारदार हत्याराने कापतात. राखलेल्यांच्या खालच्या बाजूच्या फांद्या साधारण निम्म्या उंचीपर्यंत साफ करतात. पाला तिथेच पसरला की माती झाकली जाते, काड्या सरपणाला जातात. पुढे दरवर्षी एखादा सोट काढायचा आणि त्याच्या जागी नवा धुमारा धरायचा. आपट्याच्या जवळचे पिलिओस्टिग्मा, गिएरा आणि बाभळीसारखे काटेरी गाओ ही इथली नेहमीची झाडे. गाओची मातब्बरी वेगळीच आहे. ऐन पावसाळ्यात त्याचा पाला झडतो, त्यामुळे बाजरीला सावली लागत नाही. उन्हाळ्यात त्याच्या शेंगा गुरांना होतात आणि झाडाखालची माती कसदार बनते.

1984 च्या दुष्काळात कामाच्या मोबदल्यात धान्य देताना शेतातली झाडे राखण्याची अट घातली गेली. दुष्काळ सरताच अनेकांनी ती झाडे तोडली. ज्यांनी ठेवली त्यांच्याकडे जळण आणि चारा आला, पेरणीनंतरच्या वाऱ्यात कोवळी रोपे वाळूखाली गाडली जाणे कमी झाले. शेजाऱ्यांनी हे पाहिले. मारादीतल्या वनाधिकाऱ्यांनीही दंडाचा बडगा आवरता घेतला. या समजुतीचे मोल तंत्राइतकेच मानायला हवे. कायदा मागाहून बदलत गेला: 1993 ची ग्रामीण संहिता, 2004 चा वनकायदा आणि 2020 चा या पद्धतीविषयीचा स्वतंत्र आदेश.

हवाई आणि उपग्रह छायाचित्रे ताडून 2009 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार सुमारे 50 लाख हेक्टरांवर अशी झाडे वाढली होती. आगिए भागातील दान सागा गावाने झाडांची राखण करणारी समिती नेमली आणि सरपणाचा बाजार उभारला. 2005 च्या टंचाईत अशा गावांतल्या अनेक कुटुंबांनी लाकूड विकून धान्य आणले.

भूक यामुळे संपलेली नाही. लोकसंख्या झपाट्याने वाढते आहे आणि जमिनीचे तुकडे होत आहेत. सर्वांत नाजूक प्रश्न फुलानी पशुपालकांचा. कोरड्या महिन्यांत त्यांची जनावरे गाओच्या फांद्यांवरही जगतात, आणि राखण फक्त शेतकऱ्यांच्या हाती गेली तर पशुपालकांच्या वाट्याला दंड येतो. म्हणून समित्यांत त्यांनाही बसवावे लागते.