महाविद्यालयीन शिक्षणाचे नोकरीपलीकडील प्रयोजन (कोल्हापूर)

पदवीच्या बळावर मिळणाऱ्या रोजगाराखेरीज महाविद्यालयाने विद्यार्थ्याला जे द्यावे अशी अपेक्षा असते, ते या संकल्पनेत येते : स्वतः विचार करण्याची सवय, अनोळखी माणसांत वावरण्याची तयारी, चारचौघांत मत मांडण्याचे धाडस आणि निव्वळ आवडीपोटी एखादा विषय शिकण्याची मुभा.

कोल्हापुरात मात्र हा विचार नोकरीला हलके लेखून करता येत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. शिकलेल्या मुलाची नोकरी ही तेव्हापासून त्याच्या घरापुरती बाब राहिली नाही. कचेरीत कोणी बसायचे आणि कोणी दाराशी तिष्ठायचे, हेच त्यातून बदलणार होते. घरातल्या पहिल्या पदवीधराला ‘नोकरीसाठी शिकू नकोस’ असे सांगणे म्हणूनच या गावाला शोभत नाही.

हुकमाच्या जोडीला आली ती बोर्डिंगे. १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम आणि अस्पृश्य मानलेल्या समाजांसाठी (मिस क्लार्क बोर्डिंग, १९०८) वसतिगृहे निघाली. त्यांतली काही आजही दसरा चौकाच्या आसपास उभी आहेत. ती जातवार होती, ही त्यांची मर्यादा खरी. पण खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा, दोन वेळचे जेवण आणि संध्याकाळचा मोकळा वेळ त्यांनीच मिळवून दिला. १९१९ मध्ये महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाही बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम दिला. एका बाकावर बसणे हासुद्धा अभ्यासक्रमच आहे, ही जाण त्यामागे दिसते.

राजाराम महाविद्यालय १८८० चे. गोपाळ कृष्ण गोखले काही काळ तिथे शिकले, माधव जूलियन यांनी तिथे फारसी शिकवली. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. १९४८ मध्ये नेमलेल्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचे ते अध्यक्ष होते आणि व्यवसायाच्या शिक्षणाबरोबर सामान्य शिक्षणही हवे, असा त्या आयोगाचा आग्रह होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक पुढे देशातल्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव झाले.

हे प्रयोजन प्रत्यक्षात कुठे दिसते? ‘कमवा व शिका’ योजनेत विद्यार्थी ठरावीक तास काम करतो आणि उरलेल्या वेळात तासांना बसतो. श्रमाची लाज तिथेच गळते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. गावच्या प्राथमिक शाळेत सतरंज्या अंथरून झोपायचे, सकाळी पाटी-खोरे घेऊन बंधाऱ्यावर जायचे आणि रात्री देवळापुढे ग्रामस्थांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. शहरातल्या मुलाने पाटी कशी धरावी हे तिथे त्याला गावातली म्हातारी शिकवते. या सात दिवसांचे मोल गुणपत्रिकेत मावत नाही, तरी माझ्या मते पदवीतला तो सर्वांत भरीव भाग आहे.

अडचण वेळेची आहे. वादविवाद, नाटकाची तालीम, ग्रंथालयात कपाटापुढे उभ्या उभ्या चाळलेले भलत्याच विषयाचे पुस्तक, हे सारे तास सुटल्यावर घडते. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांनी तो वेळ घेतला आहेच. लांबून येणाऱ्यांचा तो एस.टी. घेते. गगनबावड्याकडून पास काढून येणारी मुलगी शेवटचा तास अर्धा सोडून स्टँड गाठते, कारण पुढची गाडी अंधार पडल्यावर घरी पोचवते आणि घरच्यांना ते चालत नाही. तिच्यासाठी मुलींच्या वसतिगृहातली एक खाट हीच या प्रयोजनाची पहिली अट आहे.