व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो भिंतीवर फुटतो : जुने लष्करी फोटो छापायला देण्याआधी एवढं वाचा

दुकानात सारखं कोणीतरी मोबाईल पुढे करतं आणि म्हणतं, दादा, हा २४ बाय ३६ मध्ये काढून द्या, हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावायचाय. बहुतेक वेळा तो १९७१ च्या शरणागतीचा असतो, नाहीतर जुन्या विक्रांतवरच्या सी हॉक विमानांचा, नाहीतर आजोबांचा मराठा पलटणीतला. फोटो भारीच असतो हो, पण फाइल ग्रुपवर फिरून फिरून आलेली. रोज तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलं, म्हणजे घोडबंदरहून नौपाड्यापर्यंतचा तुमचा हेलपाटा तरी वाचेल.

नेहमीच्या सेटिंगवर पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप दाबून टाकतं, मोठी बाजू साधारण १६०० पिक्सेल उरते. मोबाईलवर झकास दिसतो कारण स्क्रीनच तेवढी. तेच १६०० पिक्सेल ३६ इंचांवर पसरले की इंचाला जेमतेम ४४ येतात, आणि लांबून बघायच्या मोठ्या प्रिंटलाही आम्ही इंचाला १५० धरतो, जवळून बघायच्या छोट्या प्रिंटला ३००. म्हणजे त्या फाइलमधून धड निघेल अशी प्रिंट १० इंचांची, बस. म्हणून मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, मेल करा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. मूळ फाइल, हे महत्त्वाचं. एकदा दाबला गेलेला फोटो नंतर डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरी दाबलेलाच राहतो, आणि ज्याने फॉरवर्ड केला त्याच्याकडेही तीच फाइल असते, त्याला पुन्हा मागून काही हाती लागत नाही. स्क्रीनशॉटचं तर बोलायलाच नको.

मग पुढचा प्रश्न ठरलेला, एआयने क्लिअर करून द्या ना. नाही करत. जे पिक्सेल नाहीतच ते सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं, झाडाझुडपांत ते खपून जातं पण आजोबांचा चेहरा भलत्याच माणसाचा होतो, टोपीवरचा बिल्ला विरघळल्यासारखा, मेडलच्या रिबिनी मनाला येतील तशा, आणि घरी एखादे रिटायर्ड सुभेदार काका आले की त्यांची नजर पहिली तिथेच जाते. डाग, चिरा, घडीची रेघ आम्ही हाताने काढतो, त्याचा चार्ज वेगळा आहे आणि तो का आहे हे काम बघितलं की कळतं.

घरचा फोटो असेल तर अल्बममधून मोबाईलवर काढून पाठवू नका, प्रिंटच घेऊन या. ४ बाय ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, त्यातून १६ बाय २४ आरामात निघतो. स्कॅन तुमच्यासमोर होतो, मूळ फोटो लगेच परत. फोटो काचेला चिकटला असेल तर (आपल्याकडच्या पावसात चिकटतोच) प्लीज ओढून काढू नका, इमल्शन, म्हणजे फोटोचा चित्र असलेला थर, काचेवरच राहतो. फ्रेमसकट आणा.

प्रिंटवर चौकोन दिसले तर फाइल लहान, पण बारीक दाणा दिसला तर तो फिल्मचा आहे, तो राहू द्या. जुना म्हणजे धूसर असंही नसतं. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाचे फोटो काचेच्या मोठ्या निगेटिव्हवर काढलेत, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर त्यांच्या मोठ्या टिफ फाइल फुकट मिळतात, कोटाची बटणं मोजून घ्या. एक्स्पोजरला वेळ लागायचा म्हणून प्रत्यक्ष लढाई नाही, छावण्या, तोफा, पोज दिलेले शिपाई. कॅफेवाल्यांना आम्ही हेच सुचवतो. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणींचे फोटो हवेत तर लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचा संग्रह बघा.

हक्कांचं थोडक्यात : आपल्याकडे सरकारी फोटोला प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क असतो, म्हणजे १९७१ वाले अजून मोकळे नाहीत. रीतसर घेतलेली फाइल आणा, छापतो. नेटवरून उचलून प्रिंटा करून विकणारे आहेत, आम्ही त्यात नाही.

आणि घरी पडलेल्या फ्रेममध्ये बसावा म्हणून फोटो कापायला सांगू नका. शरणागतीच्या फोटोत टेबलावर आपले जनरल अरोरा आणि पाकिस्तानचे जनरल नियाझी, पण मागे सगत सिंग, जेकब, व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन उभे आहेत, वरून कापलं की तेच जातात. फ्रेम तीच ठेवून माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) फोटोच्या मापाने कापून देतो, दिसतंही जास्त चांगलं. खाली पट्टी हवी असेल तर मजकूर तपासून द्या, फॉरवर्डखालची ओळ जशीच्या तशी नको. पॅटन रणगाडा दिसला आणि खाली लोंगेवाला लिहिलंय तर थांबा, पॅटन पकडले ते पंजाबातल्या असल उत्तर गावाजवळ १९६५ मध्ये, लोंगेवालाला १९७१ मध्ये आलेले पाकिस्तानी रणगाडे टी-५९ होते.

ब्लॅक अँड व्हाइट आम्ही ग्रे शाईच्या पिगमेंट प्रिंटरवरच काढतो, साध्या चार रंगांत ट्यूबलाइटखाली हिरवट झाक येते. रेट थोडा जास्त आहे. ओल येणाऱ्या भिंतीसाठी फ्रेममागे छोटे बंपर लावून देतो, फुकट, म्हणजे हवा खेळते. पश्चिमेच्या खिडकीसमोर मात्र कुठलीच प्रिंट लावू नका.

सोसायटी कमिट्यांना विनंती, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि १६ डिसेंबरच्या ऑर्डरी निदान १० दिवस आधी द्या. आदल्या संध्याकाळी आलात तर रेडी फ्रेममध्ये ए३ मिळेल, तीही फाइल बरी असेल तर.