दाइकोदाकी

जपानमधील क्योटो शहरातल्या काही बौद्ध मंदिरांत डिसेंबरच्या थंडीत वाढला जाणारा शिजवलेल्या मुळ्याचा प्रसाद आणि त्यानिमित्त भरणारा उत्सव. ‘दाइकोन’ म्हणजे जाडजूड पांढरा जपानी मुळा. बोलीत त्याचा ‘दाइको’ होतो. ‘ताकी’ म्हणजे शिजवणे. समासात त्याचे ‘दाकी’ होते.

सेम्बोन शाकादो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाइहोओन-जी मंदिरात हा उत्सव 7 आणि 8 डिसेंबरला असतो. बुद्धांना बोधिप्राप्ती झाली तो दिवस जपानी परंपरा 8 डिसेंबर मानते. आपल्याकडे त्यासाठी वैशाख पौर्णिमा आहे. इथले मुख्य सभागृह 1227 मधले. पुढे याच शतकात इथल्या एका धर्मगुरूंनी मुळ्याच्या कापावर बीजाक्षरे लिहून अरिष्टनिवारणाची प्रार्थना केली, तिथून ही प्रथा सुरू झाली असे सांगतात. आजही कच्च्या मुळ्यांच्या पांढऱ्या कापावर काळ्या शाईने ही अक्षरे काढतात. लिपी सिद्धम्, म्हणजे भारतातून बौद्ध ग्रंथांबरोबर गेलेली, आपल्या देवनागरीची चुलतबहीणच.

मंत्रोच्चारानंतर मुळे चिरून काहिलीएवढ्या भांड्यांत तळलेल्या टोफूबरोबर सोया सॉसच्या रश्शात मंद आचेवर शिजत ठेवतात. मुळ्याच्या उग्र वासाने नाक मुरडणाऱ्यांनीही इथे धास्ती घेऊ नये: थंडीतला मुळा मुळातच गोडसर, आणि शिजून तो इतका मऊ होतो की चॉपस्टिक टेकवली तरी तुटतो. रस्सा आतपर्यंत मुरून जाड चकती तपकिरी दिसू लागते. खरे तर पदार्थ अगदी साधा आहे; गारठलेल्या बोटांत वाफाळता वाडगा धरण्यातच त्याची निम्मी चव असावी. तो खाल्ल्याने पक्षाघात टळतो, अशी श्रद्धा आहे.

शहराच्या वायव्येला, नारुताकी भागातील र्योतोकु-जी मंदिरात 9 आणि 10 डिसेंबरला होणाऱ्या दाइकोदाकीची कथा वेगळी आहे. जोदो शिन्शू पंथाचे प्रवर्तक शिनरान (1173–1263) 1252 मध्ये इथे आले. त्यांचा उपदेश ऐकून भारावलेल्या गावकऱ्यांनी त्यांना मिठात उकडलेला मुळा खाऊ घातला. शिनराननी सुसुकी गवताच्या तुऱ्याची लेखणी केली, भांड्याच्या बुडाची काजळी शाई म्हणून घेतली आणि अमिताभ बुद्धाचे नाव लिहून दिले, अशी आख्यायिका आहे. भाविकांच्या वाडग्यात इथेही सोया सॉसमधला मुळा पडतो. शिनरान यांच्या मूर्तीपुढे मात्र नुसत्या मिठातलाच ठेवतात.