अख्खे चित्र उचलण्याचा प्रश्न : ऑनलाइन छायाचित्रे आणि फेअर यूज यांची पार्श्वभूमी

एखाद्या ग्रंथातले दोन परिच्छेद अवतरणचिन्हांत घेता येतात आणि बाकीचा ग्रंथ जागच्या जागी राहतो. छायाचित्राची गोष्ट वेगळी आहे. ते उद्धृत करायचे म्हटले तरी सहसा अख्खेच उचलावे लागते. परवानगीवाचून मर्यादित वापर करू देणाऱ्या कॉपीराइटमधल्या सवलती (अमेरिकेतली अशी सवलत म्हणजे फेअर यूज) न्यायालयांनी मुळात छापील मजकुराचे खटले चालवताना घडवल्या आणि चित्रांना त्या पुढे लागू केल्या. ऑनलाइन चित्रे शेअर करण्यावरून आज जे वाद उभे राहतात, त्यांतल्या बऱ्याच वादांचे मूळ या उसन्या मापात सापडते.

चित्रांना स्वतंत्र कायदेशीर संरक्षण मिळाले ते इंग्लंडमध्ये १७३५ साली. १७१० च्या कायद्याने पुस्तकांची सोय केली होती, पण तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांची नक्कल करायला कोणालाही मोकळीक होती. विल्यम होगार्थ या चित्रकाराची १७३२ मधली चित्रमालिका गाजताच बाजारात तिच्या स्वस्त नकला आल्या, आणि त्याने इतर खोदचित्रकारांना बरोबर घेऊन पार्लमेंटकडे दाद मागितली. मिळालेले संरक्षण चौदा वर्षांचे होते. होगार्थ इतका सावध, की कायदा अमलात येईपर्यंत, म्हणजे २५ जून १७३५ पर्यंत, त्याने आपली पुढची मालिका प्रसिद्धच केली नाही. या कायद्यात एक अट होती: मालकाचे नाव आणि प्रकाशनाची तारीख प्रत्येक चित्रावर कोरलेली असली पाहिजे. चित्रावर नाव नसेल तर हक्कही नाही, असा तिचा सरळ अर्थ निघे, आणि ही समजूत कायद्यापेक्षा जास्त टिकाऊ निघाली.

कॅमेरा आल्यावर नवाच पेच पडला. ब्रिटनने १८६२ मध्ये आणि अमेरिकेने १८६५ मध्ये छायाचित्रांना कायद्यात सामील करून घेतले खरे, पण यंत्राने टिपलेल्या प्रतिमेचा कर्ता कोण, हा आक्षेप शिल्लक होताच. न्यूयॉर्कचे छायाचित्रकार नेपोलियन सॅरोनी यांनी १८८२ मध्ये ऑस्कर वाइल्ड यांचे छायाचित्र घेतले होते आणि एका लिथोग्राफी कंपनीने परवानगीवाचून त्याच्या ८५,००० प्रती छापल्या. कॅमेऱ्याने समोर होते ते उतरवून घेतले, त्यात निर्मिती कसली, असा कंपनीचा बचाव होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ मध्ये निकाल देताना त्या एका छायाचित्राचा तपशील पाहिला: वाइल्ड यांना कसे बसवले, पोशाख आणि पडदे कोणते निवडले, उजेड आणि सावली कशी जुळवली, चेहऱ्यावर कोणता भाव आणवला. ही सारी निवड सॅरोनी यांची, म्हणून छायाचित्राचे कर्ते तेच, असे ठरले. मोबाइलवर सहज काढलेल्या फोटोलाही आज कॉपीराइट मिळतो तो बहुतांशी याच युक्तिवादाच्या बळावर. निवडीची अपेक्षा मात्र तेव्हापासून फारच सैल झाली आहे.

दरम्यान नाव कोरण्याची जुनी अट मागे पडत गेली. कॉपीराइटविषयीचा १८८६ चा आंतरराष्ट्रीय बर्न करार १९०८ मध्ये बर्लिन येथे सुधारण्यात आला, तेव्हा नोंदणी आणि सूचना या औपचारिकता त्यातून काढून टाकल्या गेल्या आणि कलाकृती निर्माण होताच हक्कही आपोआप निर्माण होतो, हे तत्त्व रूढ झाले. अमेरिका या करारात आली ती थेट १ मार्च १९८९ रोजी. १९७८ पूर्वी तिथे कॉपीराइटची सूचना न छापता प्रसिद्ध केलेले चित्र साधारणपणे सार्वजनिक मालकीचे होऊन जाई, तर १९८९ पासून सूचना पूर्णपणे ऐच्छिक झाली. वेबवर चित्रे दिसू लागली तेव्हा ‘खूण नाही म्हणजे फुकट’ हा नियम नुकताच मोडीत निघालेला होता. लोकांच्या मनातून तो अजूनही गेलेला नाही.

फेअर यूजची अमेरिकी वाट १८४१ पासून सुरू होते. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्रव्यवहाराच्या बहुखंडी आवृत्तीतली ३५३ पाने एका लेखकाने आपल्या ८६६ पानी चरित्रात जशीच्या तशी घेतली होती. न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. पण घेतलेल्या भागाचे प्रमाण आणि मोल, घेण्यामागचा हेतू आणि मूळ कृतीच्या विक्रीला बसणारा फटका, हे पाहण्याची रीत त्यांनी घालून दिली. १९७६ च्या कायद्यात तीच चार निकषांच्या रूपाने लिहिली गेली. ब्रिटिश परंपरेतल्या देशांनी १९११ च्या कायद्यापासून फेअर डीलिंगचा मार्ग धरला, ज्यात अभ्यास, संशोधन, टीका, परीक्षण अशी प्रयोजने कायद्यातच मोजून दिलेली असतात. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात तर चालू घडामोडींचे वार्तांकन करण्याची सवलत छायाचित्रांपुरती नाकारली आहे. हे कठोर वाटते, पण बातमीचे छायाचित्र हाच वृत्तछायाचित्रकाराचा विकायचा माल असतो आणि तोच सवलतीत गेला तर त्याच्या हाती काय उरणार, हा विचार पटण्यासारखा आहे.

किती घेतले, या निकषावर छायाचित्र जवळजवळ नेहमीच अडकते. त्यातून वाट काढली ती हेतूच्या निकषाने. अमेरिकी न्यायाधीश पिएर लेव्हाल यांनी १९९० मध्ये एका लेखात असे मांडले, की मूळ कृतीला नवा अर्थ किंवा नवे प्रयोजन देणारा वापर अधिक संरक्षणास पात्र ठरावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हा विचार स्वीकारला. पुढे एका सर्च इंजिनाने छायाचित्रकार लेस्ली केली यांची छायाचित्रे लहान थंबनेलच्या रूपात दाखवली, तेव्हा २००३ मध्ये अपील न्यायालयाने तो वापर फेअर यूज ठरवला. चित्र अख्खेच घेतलेले होते, पण शोधासाठी ते अख्खे दिसणे गरजेचे होते आणि तेवढ्या बारीक, धूसर प्रतिमेमुळे मूळ छायाचित्राची गिऱ्हाइके तुटत नव्हती.

मूळ ठिकाणाचा उल्लेख केला की पुरे, ही समजूतही न्यायालयात टिकली नाही. जर्मनीतल्या एका शाळेच्या विद्यार्थ्याने कोर्दोबा शहराचे छायाचित्र एका प्रवासविषयक संकेतस्थळावरून उतरवून सादरीकरणात वापरले, त्या संकेतस्थळाचे नावही दिले, आणि शाळेने ते सादरीकरण आपल्या संकेतस्थळावर टाकले. मूळ चित्र कोणालाही फुकट पाहता येत होते. तरीही युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले, की ते पुन्हा अपलोड करणे म्हणजे नव्या लोकांपुढे नव्याने मांडणे होय आणि त्यासाठी छायाचित्रकाराची परवानगी हवी. छायाचित्रकाराने स्वतः ट्विटरमार्फत टाकलेल्या चित्रांनाही हेच लागू होते. जानेवारी २०१० च्या हैती भूकंपाची डॅनियल मोरेल यांची छायाचित्रे वृत्तसंस्थांनी तिथून उचलून विकली; ट्विटरच्या अटी इतरांना असा परवाना देत नाहीत, असे अमेरिकी न्यायालयाने ठरवले आणि २०१३ मध्ये ज्यूरीने १२ लाख डॉलरची भरपाई दिली. अर्थात अशी प्रकरणे क्वचितच न्यायालयापर्यंत जातात, कारण अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने तक्रार येताच मजकूर काढून टाकणाऱ्या सेवेला जबाबदारीतून सोडले आणि बहुतेक वाद तिथेच मिटू लागले.

नव्या हेतूचा निकष किती ताणता येतो, याला २०२३ मध्ये लगाम बसला. लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये घेतलेल्या गायक प्रिन्स यांच्या छायाचित्रावरून चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी चित्रे केली होती. त्यांतले एक २०१६ मध्ये एका नियतकालिकाला १०,००० डॉलरला वापरायला दिले गेले आणि गोल्डस्मिथ यांना काहीच मिळाले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी गोल्डस्मिथ यांची बाजू घेतली. शैली बदलली तरी प्रिन्सवरच्या लेखासोबत छापायची प्रतिमा पुरवणे, हे दोन्ही चित्रांचे काम एकच होते.

चित्र स्वतःकडे न साठवता दुसऱ्याच्या सर्व्हरवरून आपल्या पानावर दाखवणे, म्हणजे एम्बेड करणे, याबाबत तर अमेरिकी न्यायालयांतही एकवाक्यता नाही. कॅलिफोर्नियाचा समावेश असलेल्या नवव्या सर्किटच्या (म्हणजे संघीय न्यायविभागाच्या) अपील न्यायालयाने २००७ मध्ये प्रत जिथे साठवली आहे तिथेच जबाबदारी धरली आणि २०२३ मध्ये ती भूमिका कायम ठेवली. न्यूयॉर्कमधील एका संघीय न्यायालयाने मात्र २०१८ मध्ये ती साफ नाकारली, कारण पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उमटते ते दाखवणाऱ्याच्याच पानावर.