पावसाळी नाल्यांची क्वालिटी तपासणी आणि 'थर्ड पार्टी'चा घोळ

मुंबईतले इंग्रजांच्या काळातले विटांचे कमानीवाले नाले सगळ्यांना माहितीयत, ते सोडून देतो. हिशोब एवढाच की जुनी सिस्टीम तासाला २५ मिमी पावसाची, तीही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला, १९९३ ला ब्रिमस्टोवॅड म्हणजे मुंबईच्या पावसाळी नाल्यांच्या सुधारणेचा रिपोर्ट आला, त्याने सांगितलं तासाला ५० मिमी धरा आणि मुरणं विसरा. मग तो फायलीत पडून राहिला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला तेव्हा सगळ्यांना त्याची आठवण झाली, २००७ ला केंद्राने सुमारे १२०० कोटी मंजूर केले आणि जिकडेतिकडे खोदकाम.

काम वाढलं तसं तपासायला माणूस कुठून आणायचा हा प्रश्न आला, आणि थर्ड पार्टीवर, म्हणजे काम तपासायला नेमलेल्या बाहेरच्या एजन्सीवर, वाद सुरू झाला तो अजून चालूय. एक बाजू म्हणते, एका जेईकडे (ज्युनिअर इंजिनिअरकडे) इतक्या साईट असतील तर बाहेरची एजन्सी हवीच. दुसरी म्हणते, ही सहीची सोय आहे, उद्या काही झालं तर बोट दाखवायला कुणीतरी हवं. मला दुसरी जास्त पटते. २०१६ च्या मुंबई पालिकेच्या रस्ते घोटाळ्यात तर थर्ड पार्टी ऑडिटरच अटक झाले, आता ऑडिटरवर कोण ऑडिटर बसवणार?

त्यात 'क्वालिटी' म्हणजे काय तेच धड ठरलेलं नाही. कागदावर क्वालिटी म्हणजे क्यूब. १५ सेंमीचा काँक्रीटचा ठोकळा, २८ दिवस पाण्यात ठेवून मशीनखाली फोडायचा. पाच घनमीटर काँक्रीटपर्यंत एक सॅम्पल, म्हणजे तीन क्यूब. पण क्यूब नीट ठोकून भरलेला असतो, आणि तिकडे नाल्याच्या भिंतीचं शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) काढल्यावर खाली हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी पोकळ भोकं, दिसतो, त्यावर संध्याकाळपर्यंत सिमेंट फासून मोकळे. क्यूब पास, रिपोर्ट पास, बिल पास.

आणि पाणी वाहतं ते उतारावर, ठोकळ्यावर नाही. ५०० ला १ उतार म्हणजे दहा मीटरला फक्त दोन सेंमी, पीसीसी (तळाचा साध्या काँक्रीटचा थर) थोडी उंचसखल झाली की संपलं, तिथेच गाळ बसतो. हे ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून पीसीसीच्या आधी आणि नंतर बघायचं असतं. वरचा स्लॅब ओतून झाला की आत वाकून कोण जातंय.