मॉन्ट्रियल स्टेक मसाला

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील मॉन्ट्रियल शहरात ज्यू खाणावळींमधून रूढ झालेला, स्टेकला म्हणजे मांसाच्या जाड कापाला चोळण्याचा भरड कोरडा मसाला. मिरे, धणे, लसणाचा कोरडा रवा, बाळंतशोपा, लाल मिरचीची भरड आणि जाडे मीठ हे त्याचे नेहमीचे घटक होत. काही मिश्रणांत मोहरी व पॅप्रिकाही आढळते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील बार्बेक्यूच्या मसाल्यांत बहुधा असणारी साखर यात सहसा नसते, हा त्याचा महत्त्वाचा विशेष. मूळचा कोळशाच्या आचेवरचा हा मसाला आता घरगुती ओव्हनमधील स्टेकसाठीही सर्रास वापरतात.

उगम : रूबेन श्वार्ट्झ या रूमानियातून आलेल्या ज्यू स्थलांतरिताने १९२८ मध्ये सेंट लॉरेंट रस्त्यावर खाणावळ काढली. तेथे स्टेक भाजणारा मॉरिस शर्मन (टोपणनाव ‘द शॅडो’) स्मोक्ड मीटसाठी (मुरवून धुरी दिलेल्या मांसासाठी) तयार असलेला मसाला स्वतःच्या जेवणातील स्टेक व कलेजीला लावू लागला, गिऱ्हाइकांनीही तो मागितला आणि पुढे शहरातील इतर खाणावळींनी उचलला, अशी हकीकत पत्रकार बिल ब्राउनस्टीन यांनी या खाणावळीच्या इतिहासात दिली आहे. काळ १९४०–५० च्या दशकांतील, एवढेच म्हणता येते. हकीकत बरीचशी तोंडी परंपरेची आहे. मात्र मसाल्याचे घटक तिला दुजोरा देतात. लोणच्याच्या व खारवणीच्या मसाल्यातील धणे, मोहरी आणि बाळंतशोपा स्टेकवर स्वतंत्रपणे सुचण्यापेक्षा शेजारच्या पिंपातून आले असणे अधिक संभवनीय आहे.

मग प्रश्न स्मोक्ड मीटचा उरतो, आणि वाद खरा तेथे आहे. गुराच्या छातीचे मांस मीठ-मसाल्यात दिवसेंदिवस मुरवून, धुरी देऊन व वाफवून हा पदार्थ करतात. त्याच्या जनकत्वाचा एक दावा बेन क्रॅव्हिट्झच्या नावे आहे. तो लिथुएनियाचा, त्याची खाणावळ १९१० च्या सुमारास सुरू झाल्याचे मानतात व पद्धत लिथुएनियातील शेतकऱ्यांची असल्याचे सांगतात. दुसरा दावा न्यूयॉर्कहून आलेल्या हरमन रीस रॉथचा (सु. १९०८). तिसरा रूमानियातील याश येथून आलेल्या आरोन सान्फ्टचा. तो कालदृष्ट्या सर्वांत जुना, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा आहे. रूमानियातील पास्त्रामा या मुरवलेल्या मसालेदार मांसाशी असलेले साम्य पाहता सान्फ्टची बाजू अधिक ग्राह्य वाटते. पास्त्रामाचा संबंध तुर्की पास्तिर्मा या वाळवलेल्या मांसाशी जोडला जातो. पण पास्तिर्मावर मेथी, लसूण व मिरचीचा ओला लेप असतो, मिरे-धण्यांची भरड नव्हे. हा बदल कोठे घडला, याविषयी एकमत नाही.

मॉन्ट्रियलच्या या खाणावळींत स्टेकसाठी बरगडीचा भाग रूढ आहे. तोच का, याचेही उत्तर बहुधा ज्यू आहारनियमांत आहे. मागील धडातील निषिद्ध मज्जातंतू व चरबी काढणे किचकट असल्याने उत्तर अमेरिकेत कोशर (ज्यू आहारनियमांनुसार ग्राह्य) मांसाच्या बाजारात मुख्यतः पुढील धडच विकले जाते. छाती व बरगडी दोन्ही त्यातच येतात. श्वार्ट्झची खाणावळ स्वतः काटेकोर कोशर नाही. सवय मात्र टिकली असावी.

ओव्हनमधील पद्धती : जाड स्टेक आधी तव्यावर कडक भाजून मग ओव्हनमध्ये ठेवण्याची जुनी पद्धत ‘पृष्ठभाग बंद झाला की रस आत राहतो’ या समजुतीवर उभी होती. तिचा उगम जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिख याच्या १८४७ मधील प्रतिपादनात सापडतो. त्याचा भर मुख्यतः उकळत्या पाण्यात टाकलेल्या मांसावर होता. आचाऱ्यांनी ते भाजण्यालाही लागू केले. १९३० च्या दशकातील प्रयोगांत आधी कडक भाजलेल्या मांसातून रस कमी जात नाही, असे दिसले. तरी समजूत टिकली. अमेरिकी पाकविज्ञान-लेखक हॅरल्ड मगी यांनी १९८४ मध्ये तिचा केलेला समाचार विशेष गाजला. तव्यावर ठेवलेला ‘बंद’ स्टेक चरचरत राहतो, तो आवाज बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच असतो. कडक भाजण्याने मिळतो तो स्वाद व रंग. ती फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेयार याने १९१२ मध्ये वर्णिलेली अमिनो आम्ले व शर्करा यांची विक्रिया होय. मंद उष्णतेचा गुण मात्र त्याआधीच नोंदला गेला होता : काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस बटाटे सुकवण्याच्या यंत्रात मेंढीचा खांदा ठेवला आणि रात्रभरात तो उत्तम शिजल्याचे लिहिले.

हल्ली क्रम उलटा करतात. सुमारे ४ सेंमी. जाड कापाला मीठ-मसाला चोळून, ट्रेवरील जाळीवर ठेवून १२०° से. तापमानाच्या ओव्हनमध्ये आतील तापमान ५०° से. होईपर्यंत ठेवतात. पृष्ठभाग एव्हाना कोरडा झालेला असतो, म्हणून बिडाच्या तापलेल्या तव्यावर दर बाजूस एखाद्या मिनिटात रंग येतो. पातळ कापांना हा खटाटोप व्यर्थ. ते वरच्या सळईखाली थेट भाजावेत. अमेरिकी कृषी विभाग अखंड कापासाठी ६३° से. व त्यानंतर तीन मिनिटे विश्रांती सुचवतो. खवय्ये ५५° च्या आसपास थांबतात.

भरडीची अडचण तव्यावर कळते. मिऱ्याचे तुकडे मांस व धातू यांमध्ये येतात. मांस काही ठिकाणी फिके राहते आणि लसणाचा रवा करपून कडवट होतो. त्यामुळे ओव्हनमध्ये फक्त मीठ व निम्मी भरड आणि उरलेली तव्यावरून उतरल्यावर, असा मार्ग अनेक जण पत्करतात. मराठी मसाल्यात धणे आधी भाजून बारीक दळतात, येथे ते कच्चे व जाडसर असतात आणि मांसावरच भाजले जातात. त्यांचा लिंबासारखा वास यामुळे बराचसा टिकतो.

महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी असल्याने येथील स्टेक म्हशीवर्गीय जनावराचा असतो. मुंबई व गोव्याच्या बाजारात त्याच्या कमरेकडील कोवळ्या तुकड्यास ‘अंडरकट’ म्हणतात. त्यात स्नायूंमधील चरबी कमी, म्हणून तो लवकर कोरडा पडतो. मसाल्याआधी तेलाचा किंवा लोण्याचा हात फिरवणे आणि शिजल्यावर धाग्यांना आडवे काप घेणे येथे अधिक गरजेचे ठरते.