खोडदच्या दुर्बिणीला रेल्वेचा त्रास कसा होतो? वादामागची पार्श्वभूमी

पुणे-नाशिक रेल्वे नारायणगावावरून नेली तर जवळच्या खोडदच्या जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) या अनेक अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल, असं कारण संसदेत दिलं गेलं. मार्ग शिर्डी-अहिल्यानगरकडे वळवायचं ठरलं आणि जुन्नर-आंबेगावात अनेकांना एकच प्रश्न पडला. रूळ जमिनीवर आणि दुर्बीण बघते आकाशात, मग अडचण कसली? प्रश्न अगदी रास्त आहे. ज्यांच्या बांधाला लागून या अँटेना उभ्या आहेत, त्यांना तरी त्याचं नीट उत्तर मिळायला हवं. ते द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

दुर्बीण लांबचं मोठं करून दाखवते, असं आपण शाळेत शिकतो. खगोलशास्त्रात मात्र तिचं पहिलं काम प्रकाश गोळा करण्याचं. अंगणात वाटी ठेवली काय आणि परात ठेवली काय, पाऊस तोच पडतो, पण परातीत जास्त साठतो. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७-८ मिलिमीटर उघडते. गॅलिलिओने १६०९ मध्ये आकाशाकडे रोखलेली नळी आजच्या मानाने अगदीच साधी होती, तरी गुरूचे चार चंद्र दिसायला तेवढी पुरली. दुर्बिणीचं दुसरं काम म्हणजे चिकटून दिसणारे दोन ठिपके वेगळे दाखवणं. दोन्ही कामं भिंगाच्या रुंदीवर अवलंबून. मोठं भिंग स्वतःच्या वजनाने वाकतं, शिवाय रंग फोडतं. न्यूटनने १६६८ मध्ये भिंगाऐवजी आरसा वापरला, आणि आजच्या सगळ्या मोठ्या दुर्बिणी त्याच वाटेने गेल्या.

या वाटेवर पुणंही लागतं, हे फारसं कुणाला आठवत नाही. १८८८ मध्ये इथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. २० इंची आरशाची तिची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ही वेधशाळा चालवली आणि १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि सामान कोडाईकॅनालला गेलं.

इथवर सगळा कारभार डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा होता. १९३० च्या सुमारास अमेरिकेत बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत कार्ल जान्स्की हा तरुण इंजिनिअर अटलांटिकपार बोलल्या जाणाऱ्या रेडिओ-टेलिफोनमधली खरखर कुठून येते, ते शोधत होता. त्याने फोर्डच्या मोटारीच्या चाकांवर फिरणारी एक लांबलचक अँटेना केली. विजांची खरखर ओळखू आली, पण तिच्याखाली एक बारीक सळसळ उरलीच. ती दर २४ तासांनी वाढती, तर सूर्याचा संशय घेता आला असता. ती वाढत होती दर २३ तास ५६ मिनिटांनी, आणि तारे त्याच वेळाने पुन्हा डोक्यावर येतात. सळसळ आकाशगंगेच्या मध्याकडून, धनू राशीच्या दिशेने येत होती. खगोलशास्त्राच्या इतिहासातले माझ्या सर्वांत आवडीचे आकडे कोणते, तर ही चार मिनिटं.

रेडिओ लहरी म्हणजे प्रकाशच, फक्त फार लांब लहरींचा. हायड्रोजनची खूण असलेली लहर २१ सेंटिमीटरची असते. लहर जितकी लांब तितकं चित्र पुसट. ४५ मीटर रुंदीच्या एकट्या अँटेनाला या लहरींत जवळपास पौर्णिमेच्या चंद्राएवढा तुकडा एकच ठिपका म्हणून दिसतो, म्हणजे आपल्या डोळ्यापेक्षाही अंधूक. त्यावर केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी रुळवलेला उपाय असा, की लांब-लांब अँटेना उभारायच्या, सगळ्यांनी एकाच वेळी एकाच दिशेला पाहायचं आणि त्यांचे संकेत एकत्र मिळवायचे. मग दूरच्या दोन अँटेनांमध्ये जेवढं अंतर, तेवढ्या रुंदीच्या दुर्बिणीची नजर मिळते. या कामासाठी राइल यांना १९७४ चं नोबेल मिळालं.

हे तंत्र भारतात रुजवलं गोविंद स्वरूप यांनी. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते १९६३ मध्ये अमेरिकेहून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, आले. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या कल्याणला मांडून त्यांनी सूर्याचे वेध सुरू केले. देशातली ही पहिली रेडिओ दुर्बीण. पुढे उटीजवळ उत्तर-दक्षिण उतार बरोबर ११ अंशांचा, म्हणजे तिथल्या अक्षांशाएवढाच, असलेली टेकडी त्यांनी शोधली. तिच्या अंगावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण आडवी घातली की तिचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर होतो. मग एकाच आसाभोवती फिरवून तारा तासन्‌तास धरून ठेवता येतो. १९७० मध्ये ती तयार झाली. महागडी यंत्रणा टाळण्यासाठी डोंगरच कामाला लावायचा, ही त्यांची रीत होती.

खोडदला हीच रीत दिसते. अँटेनाखाली उभं राहून वर पाहिलं तर पत्रा दिसत नाही, जाळीतून ढग दिसतात. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या स्टीलच्या तारांची ही जाळी आहे, तिची भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. २१ सेंटिमीटर आणि त्याहून लांब लहरींना ती भोकं जाणवतच नाहीत, त्यांच्यासाठी तो आरसाच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका चालतो. बाजेला सुंभ ताणून बसवावं तसे दोर कमानींवर ताणून त्यांवर ही जाळी बसवली आहे. अशा ३० अँटेना. १४ मध्यभागी, बाकीच्या १६ शेताशिवारांतून तीन दिशांना गेलेल्या, सर्वांत लांबच्या दोघींत २५ किलोमीटर अंतर.

जागा निवडायलाही कारणं होती. वारा बेताचा, बर्फ नाही, १९ अंश अक्षांशामुळे दक्षिणेचं आकाशही बरंचसं दिसतं. आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे डोंगरांच्या आडोशाने मिळालेली रेडिओ शांतता. २००२ पासून जगभरचे शास्त्रज्ञ इथे वेध घेतात.

रेल्वेशी संबंध येतो तो इथे. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात, की एखादा मोबाइल चंद्रावर चालू ठेवला तर तो रेडिओ आकाशातल्या सर्वांत तेजस्वी वस्तूंत गणला जाईल. विजेवरची गाडी धावताना वरच्या तारेशी ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी रेडिओ लहरी फेकते. त्यात गाडीची बिनतारी यंत्रणा आणि प्रवाशांचे शेकडो मोबाइल. रेल्वेला तिच्या संपर्कासाठी २०२१ मध्ये मिळालेल्या लहरी ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या आहेत. हायड्रोजनची ती २१ सेंटिमीटरची लहर मुळात १४२० मेगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १४२ कोटी कंपनांची, पण आठ अब्ज वर्षांचा प्रवास करताना विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन ती येते ७१० च्या आसपास! २०२० मध्ये खोडदच्या दुर्बिणीने याच पट्ट्यात ७,६५३ दीर्घिकांतला, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहांतला, हायड्रोजन मोजला. एकेकीचा संकेत वेगळा दिसणंच शक्य नव्हतं. सगळ्यांची बेरीज केली, तेव्हा कुठे तो गोंगाटातून वर आला.

दुर्बीणच हलवा, असं कुणाच्याही मनात येईल. पण अशी शांत आणि मोकळी जागा, त्यात २५ किलोमीटरची, आज महाराष्ट्रात कुठे आहे? दुसरीकडे, रेल्वेची वाट वर्षानुवर्षं पाहणाऱ्या गावांचं दुःखही खरं आहे. टोमॅटो आणि द्राक्षांच्या या पट्ट्याला गाडी हवीच आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, खोडदला दरवर्षी विज्ञान प्रदर्शन भरतं, शाळांची पोरं अँटेना पाहायला येतात. या वेळी आईवडिलांनीही पोरांबरोबर यावं, रेल्वेचा प्रश्न शास्त्रज्ञांना समोरासमोर विचारावा आणि गावाला दुसरा काय मार्ग निघू शकतो, हे तिथेच बोलून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.